न आलेली साथ

साथ म्हटली कीं ओस पडलेल्या गल्ल्या आणि कुलुपें लागलेलीं घरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. मुंबईच्या माणसाला तर १८९६ सालच्या प्लेगची आठवण घरांतल्या वडील माणसांच्या बोलण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेली आहे. परंतु आज ज्या साथीविषयीं मी बोलणार आहें तिच्यांत गल्ल्या ओस पडत नाहींत, कोणी दगावत नाहीं, पुष्कळदां कोणाला तापहि येत नाहीं. ती येते ती इस्पितळाच्या कागदांवर. प्रयोगशाळेच्या वहींत एकाच आठवड्यांत सात-आठ रोग्यांच्या नांवांपुढें एकच जंतु लिहिला जातो. धांवपळ होते, खाटा अडविल्या जातात, औषधें सुरू होतात. आणि मागाहून चौकशी करतां असें आढळून येतें कीं, तो जंतु त्या रोग्यांच्या अंगांत कधीं नव्हताच. तो बाटलींत होता, नळींत होता, किंवा तपासणाऱ्या यंत्राच्या सुईवर होता. अशा साथीला वैद्यकांत ‘खोटी साथ’ म्हणतात.

खोटी म्हणजे कोणी मुद्दाम रचलेली नव्हे. नमुना प्रामाणिकपणें घेतलेला असतो, तपासणाऱ्यानें डोळ्यांना दिसलें तेंच लिहिलेलें असतें, आणि डॉक्टरांनीं त्या लेखी पुराव्यावर विश्वास ठेवलेला असतो. सर्वांनीं आपापलें काम नेकीनें करूनहि निष्कर्ष चुकतो, हेंच या प्रकरणाचें विशेष.

ही गोष्ट दुर्मिळ आहे असें समजूं नये. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें १९५६ पासून १९७५ पर्यंत इस्पितळांतील ज्या १८१ साथींची चौकशी केली, त्यांपैकीं २० खोट्या ठरल्या. वाइनस्टाइन आणि स्टॅम या दोघां संशोधकांनीं हा हिशेब १९७७ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत मांडला. म्हणजे साधारण नवांत एक. हा हिशेब अर्थातच चौकशी झालेल्या साथींचा. ज्यांची चौकशी झालीच नाहीं त्या कोणत्या खात्यांत जमा धरावयाच्या, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

हें होतें कसें, तें समजण्यासाठीं आपण एका नमुन्याबरोबर थोडा प्रवास करूं. पनवेलला लागून करंजाडे ही सिडकोची वसाहत आहे. समजा, तेथील एका घरांतल्या आजोबांना आठवडाभर ताप आहे आणि त्यांना जवळच्या शुश्रूषागृहांत ठेवलेलें आहे. डॉक्टर रक्ताचें कल्चर करावयास सांगतात. परिचारिका दंडाला पट्टा बांधते, स्पिरिटचा बोळा फिरविते, शीर धरते, आणि काढलेलें रक्त रबरी बुचांतून एका बाटलींत सोडते. ती बाटली पिशवींत बसून शीव-पनवेल रस्त्यानें मुंबईच्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेंत जाते. आजोबांना भेटावयास येणाऱ्यांना या प्रवासाची कल्पनाहि नसते. त्यांना दिसतो तो दोन-तीन दिवसांनीं आलेला छापील कागद.

या बाटलींत जंतूंचें खाद्य भरलेलें असतें. रक्तांत एखाददुसराच जंतु असला तरी त्यानें या खाद्यावर वाढून लाखोंच्या संख्येनें दिसूं लागावें, असा तिचा हेतु. म्हणजे ही बाटली मूळचीच अतिथिधर्माची! आलेला पाहुणा रोग्याच्या रक्तांतून आला कीं वाटेंत चढला, याची ती विचारपूस करीत नाहीं. कातडीवर नेहमींच वसणारे जंतु सुईबरोबर आंत गेले तर ते वाढतात. बोळा मलिन असला तर त्यावरचे वाढतात. परिचारिकेनें त्याच सुईनें आधीं दुसऱ्या तपासणीच्या नळींत रक्त सोडलें, ती नळी निर्जंतुक केलेली नसली, आणि मग सुई कल्चरच्या बाटलींत खुपसली, तर त्या नळींतले जंतुहि सुईवर बसून येतात. म्हणूनच कल्चरची बाटली अगोदर आणि बाकीच्या नळ्या मागाहून, असा दंडक आहे. प्रयोगशाळेंत पोंचल्यावरहि धोका संपत नाहीं. जुन्या तऱ्हेच्या एका यंत्रांत एकच सुई ओळीनें सगळ्या बाटल्यांत शिरून आंतला वायु तपासीत असे. ती नीट तापली नाहीं म्हणजे पहिल्या बाटलींतला जंतु दुसरींत, दुसरींतला तिसरींत, असें वाटप होत जाई, आणि एका रोग्याचा खरा रोग शेजारच्या चौघांच्या नांवें लागे.

एखाददुसरी बाटली अशी बाटणें हें नेहमींचेंच आहे. शंभर बाटल्यांमागें तीनपर्यंत बाटलेल्या निघाल्या तर चांगल्या इस्पितळांतहि तें चालवून घेतात. खोटी साथ उत्पन्न होते ती मलिनतेचा एकच उगम पुष्कळ रोग्यांच्या नमुन्यांना स्पर्श करतो तेव्हां.

याचें एक नामांकित उदाहरण न्यूयॉर्कचें आहे. तेथें १९८० सालच्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चार इस्पितळांत मिळून ५२ रोग्यांच्या रक्ताच्या बाटल्यांत एकच जंतु उगवला. त्याचें तेव्हांचें नांव स्यूडोमोनास सेपेशिया; १९९२ सालीं त्याला बर्कहोल्डेरिया या नव्या कुळांत घालण्यांत आलें. या जंतूची जन्मकथा लासलगांवच्या शेतकऱ्यालाहि ऐकावीशी वाटेल. बर्कहोल्डर नांवाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञानें १९५० सालीं त्याचें वर्णन केलें तें सडलेल्या कांद्यावरून, आणि ‘सेपेशिया’ हें नांवहि कांद्याच्याच लॅटिन नांवावरून पडलेलें आहे. धडधाकट माणसाला तो सहसा बाधत नाहीं. पण दुबळ्या रोग्याच्या रक्तांत शिरला तर त्याला हुसकावून लावणें अवघड, कारण पुष्कळशा प्रतिजैविकांना तो दादच देत नाहीं. तेव्हां ५२ रोग्यांच्या रक्तांत तो सांपडला म्हटल्यावर काळजानें ठाव सोडावा यांत नवल नाहीं.

चौकशी करणारे या जंतूच्या मागें मागें गेले ते शेवटीं कोठें पोंचले? रक्त काढण्यापूर्वीं ज्या पोव्हिडोन-आयोडीनच्या द्रावणानें कातडी निर्जंतुक करावयाची, त्या द्रावणापाशीं! जंतूंचा नाश करण्यासाठीं भरलेल्या बाटलींत जंतूचेंच बिऱ्हाड होतें. कुंपणच शेत खाऊं लागलें, असें आपण म्हणतों तें येथें अक्षरशः घडलें. आयोडीनमध्यें कांहीं जगत असेल हें कोणाच्या मनांत येणार? स्वच्छतेचा जितका कटाक्ष अधिक, तितकें द्रावण अधिक, आणि तितक्या अधिक बाटल्या बाटलेल्या, असा हा उफराटा न्याय झाला. आपल्याकडच्या दवाखान्यांत स्पिरिटांत भिजविलेल्या बोळ्यांची जी बरणी असते, तिच्याकडेहि या दृष्टीनें एकदां पाहावें. स्पिरिट पुष्कळ जंतूंना मारतें. परंतु कांहीं जंतु कठीण कवचाचे बीजाणु तयार करतात, त्यांचें तें कांहीं करूं शकत नाहीं. बरणी न धुतां तिच्यांतच वरून नवे बोळे आणि नवें स्पिरिट घालीत राहण्याची पद्धत काटकसरीची दिसते, पण ती त्या बीजाणूंच्या पथ्यावर पडते.

आतां कोणी म्हणेल कीं, रोग नव्हताच तर नुकसान तें काय झालें? उलट आनंदच मानावा! नुकसान किती होतें तें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंतील न्यू हॅम्पशर राज्यांतल्या डार्टमथ-हिचकॉक या मोठ्या इस्पितळाची २००६ सालची हकीकत ऐकावी. तेथील एका डॉक्टरीणबाईंना न थांबणारा खोकला जडला. मग इतर कर्मचारीहि खोकूं लागले. हा डांग्या खोकला तर नसेल? मोठ्या माणसाला तो त्रासदायक, पण तान्ह्या मुलाला जीवघेणा. आणि इस्पितळांत तान्हीं मुलें असतातच. तेव्हां घाई करणें भाग होतें. डांग्या खोकल्याचा जंतु प्रयोगशाळेंत उगवावयास फार दिवस घेतो, म्हणून पीसीआर या जलद चाचणीचा आश्रय करण्यांत आला. जंतूच्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा हेरून त्याच्या असंख्य प्रती काढणारी ही चाचणी कोविडच्या दिवसांपासून आपल्याकडे घरोघरीं ठाऊक झालेली आहे.

जवळजवळ १,००० कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. निकाल हातीं येईपर्यंत त्यांना कामावरून दूर ठेवण्यांत आलें. १४२ जणांना ‘तुम्हांला डांग्या खोकला झालेला दिसतो’ असें सांगण्यांत आलें. हजारों लोकांना प्रतिजैविकें आणि लस देण्यांत आली. अतिदक्षता विभागांतल्या सुद्धां कांहीं खाटा बंद कराव्या लागल्या. आणि सुमारें आठ महिन्यांनीं सर्वांना पत्र आलें कीं, ही साथ नव्हतीच. जंतु उगवून पाहण्याची जी निर्णायक कसोटी, तींत एकाच्याहि नमुन्यांतून तो उगवला नव्हता. लोकांना झालेला होता तो बहुधा साधा पडशाखोकला. चाचणी इतकी तीक्ष्ण कीं, अत्यल्प मलिनता किंवा जंतूच्या एखाद्या भाऊबंदाचा अंशहि तिला पुरे होतो. दुसऱ्या एका प्रसंगीं तर दवाखान्यांतील टेबलांवर आणि हाताळण्याच्या जागांवर राहिलेले डांग्या खोकल्याच्या लशीचेच अंश नमुन्यांत मिसळले आणि चाचणी होकारार्थी आली, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. लशींतला जंतूचा अंशच रोगाची साक्ष देऊं लागला!

मला वाटतें, त्या इस्पितळाला दोष देणें सोपें, पण न्याय्य नाहीं. तान्ह्या मुलांच्या जिवाचा प्रश्न असतां कोणी हातावर हात ठेवून बसणार नाहीं. चुकलें तें एवढेंच कीं, पहिल्या कांहीं नमुन्यांची दुसऱ्या पद्धतीनें खात्री होण्यापूर्वीं साथीचा गाडा उतारावर सुटला होता. आणि एकदां सुटल्यावर प्रत्येक खोकला हा तिचाच पुरावा वाटूं लागला.

आपल्या देशाच्या दृष्टीनें क्षयाची गोष्ट याहून महत्त्वाची. क्षयाचा जंतु प्रयोगशाळेंत आठवडेच्या आठवडे वाढवावा लागतो, आणि एका रोग्याच्या थुंकींतला थेंब दुसऱ्याच्या नळींत उडाला तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत दोघेहि क्षयी ठरतात. निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पाहण्यांचा एक आढावा २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें ज्यांच्या नमुन्यांत हा जंतु उगवला अशा शंभर रोग्यांमागें साधारण तिघांचा निकाल खोटा होता. त्या तिघांना सहा महिने औषधें खावीं लागणार, आरंभीं एकदम चार. आणि मुलगी लग्नाची असली तर घरच्यांचा घोर निराळाच. जंतूंच्या आनुवंशिक द्रव्याचा ठसा घेण्याची विद्या निघाल्यापासून असे प्रकार पकडणें सोपें झालें आहे. एकाच दिवशीं तपासलेल्या दोन नमुन्यांतले ठसे तंतोतंत जुळले, आणि त्या दोन माणसांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नसला, म्हणजे शंका घ्यावयाची.

शोध करणारा माणूस काय करतो? पहिली गोष्ट म्हणजे तो प्रयोगशाळेंत न जातां रोग्याच्या खाटेपाशीं जातो. अहवालांत रक्त जंतूंनीं भरलेलें आहे, आणि रोगी उशाला टेकून चहा घेत आहे, हें दृश्य पुष्कळ कांहीं सांगून जातें. मग तो वही उघडतो. हा जंतु येथें पूर्वीं किती वेळां निघत असे? एकदम वाढला तो कोणत्या तारखेपासून? त्या तारखेला दुसरें काय बदललें: नवें यंत्र आलें, नव्या कारखान्याच्या बाटल्या आल्या, कीं नवा माणूस कामावर आला? सगळे रोगी एका वॉर्डांतले आहेत, कीं वॉर्ड निरनिराळे पण तपासणीचा दिवस एक? वॉर्ड एक असेल तर संशय रक्त काढण्याच्या जागीं जातो. दिवस एक असेल तर प्रयोगशाळेंत. फुप्फुसांत घालण्याच्या दुर्बिणीनें काढलेल्या नमुन्यांतच जंतु निघत असेल, तर ती दुर्बीण धुण्याचें पाणी तपासावें लागतें. शेवटीं न उघडलेल्या बाटल्या, भरलेल्या बरण्या आणि नळाचें पाणी यांचेंच कल्चर करून पाहावयाचें. हें काम रुक्ष वाटतें, पण एखादा मुरलेला फौजदार ज्या धिमेपणानें वाड्यांतल्या प्रत्येकाला ‘तुम्ही काल कोठें होतां’ विचारतो, त्याच धिमेपणाचें तें आहे.

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल कीं, बाटलींत जंतु सांपडला म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकावा. येथेंच खरी मेख आहे. तोच कांद्यावरचा जंतु कातडी पुसण्याच्या द्रावणांत असेल तर साथ बहुधा खोटी. पण शिरेंतून द्यावयाच्या औषधाच्या कुपींत असेल तर साथ खरी, आणि प्राणघातकहि. बाटली दोन्हीकडे बाटलेलीच; भेद एवढाच कीं एकींतला जंतु नमुन्यांत गेला आणि दुसरींतला माणसांत. म्हणून ‘खोटी’ हा निकाल देण्यापूर्वीं खऱ्या साथीइतकाच पुरावा गोळा करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनीं मांडवी भागांतल्या रोग्यांना गांठीचा प्लेग झाल्याचें सांगितलें, तेव्हांहि त्या निदानाविषयीं शंका घेण्यांत आल्याच होत्या. पुढें इतर तज्ज्ञांनीं तपासून तें खरें ठरविलें. त्या वेळीं कोणी ‘खोटी साथ’ म्हणून वही मिटली असती तर?

आणि जंतु नक्की कोठें शिरला, हा प्रश्न किती जड असूं शकतो, हें आपल्या परळच्याच प्रयोगशाळेनें अनुभविलें आहे. प्लेगवरची लस तयार करून १८९७ च्या जानेवारींत प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेणारा वाल्डेमार हाफकिन तेथें मुख्य होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं तेव्हांच्या पंजाब प्रांतांतील मुल्कोवाल या गांवीं १०७ माणसांना ही लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. हे एकोणीसहि जण एकाच बाटलींतून टोंचलेले होते. बाटलीचा क्रमांक ५३-एन. हें संकट खोटें नव्हतें. एकोणीस प्रेतें खोटीं नसतात. पण चौकशीचा प्रश्न वर सांगितला तोच होता: धनुर्वाताचा जंतु बाटलींत परळला शिरला, कीं गांवांत उघडतांना?

चौकशी-मंडळानें कौल दिला तो परळविरुद्ध. हाफकिननें लशींत कार्बोलिक आम्ल घालण्याची पद्धत सोडली होती, त्यामुळें संशयाला जागा तयारच होती. त्याला पद सोडावें लागलें. परंतु कागदपत्रांत एक बारीक नोंद होती. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि नीट निर्जंतुक न करतां त्याच चिमट्यानें बूच काढलें होतें. धनुर्वाताचा जंतु मातींत वसतो हें त्या काळींहि ठाऊक होतें. शिवाय, टोंचणाऱ्या डॉक्टरनें बाटली उघडतांच वास घेऊन पाहिला होता, आणि दुर्गंधी आली नव्हती. जंतु परळपासून बाटलींत वाढत असता तर ती आल्यावांचून राहिली नसती. मलेरियावर संशोधन करणारा रोनाल्ड रॉस आणि दुसरे नऊ शास्त्रज्ञ यांनीं १९०७ च्या जुलईंत लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें सह्यांचें पत्र घालून हें सर्व मांडलें. त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरला. तो पुन्हां हिंदुस्थानांत आला, पण कलकत्त्यास. परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. एका पडलेल्या चिमट्याची नोंद वाचावयास पांच वर्षें लागलीं.

घरच्या माणसांना यांतून काय घेतां येईल? अहवाल पाहून घाबरूं नये, आणि अहवाल खोटा असेल अशा समजुतीनें चालू औषधहि आपल्या मनानें बंद करूं नये; तो निर्णय डॉक्टरांचा. पण डॉक्टरांना विचारण्यास कांहीं हरकत नाहीं, आणि चांगल्या डॉक्टरांना विचारलेलें आवडतें. करंजाड्याच्या त्या आजोबांचा कागद हातीं आला, तर त्यांच्या मुलानें एवढें विचारावें: हा जंतु साधारणपणें कातडीवर राहणारा आहे का? आज ताप उतरलेला आहे, तो या जंतूशीं जुळतो का? रक्त एकाच हाताचें घेतलें होतें, कीं दोन्ही हातांचें निरनिराळें? आणि दोन्हीचें घेतलें असेल, तर जंतु दोन्ही बाटल्यांत उगवला, कीं एकींतच?